लेदर सोफ्याचा कलर दर वेळी त्याच जागी निघून राहिला असेल तर

पहिले प्रॉब्लेम सांगते, म्हणजे तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे का ते पाहून घ्या. लेदरचा सोफा, जुना कलर फिका पडला म्हणून घरी नवीन कलर केला, दोन-तीन महिने एकदम नव्यासारखा दिसला. मग डोकं टेकवतो तिथे आणि हात ठेवतो तिथे जरासा चिकट लागायला लागला, मग एक दिवस पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला तपकिरी डाग, आणि मग तिथला कलर साप कात टाकतो तसा पापुद्र्याने निघायला लागला. बाकी सगळा सोफा ठणठणीत. तेवढ्याच जागी वापस कलर करायचा आणि चार महिन्यांनी वापस तेच.

आमच्या नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या घरी हे दोनदा झालं. पहिल्यांदा मी स्वतः केला, मे महिन्यात, पोरांना सुट्ट्या होत्या म्हणून. दुसऱ्यांदा एका कारागिराला बोलावलं, त्याने घरी येऊन स्प्रे मारला, तेव्हा पावसाळा होता. दोन्ही वेळा निघाला आणि दोन्ही वेळा मी कलरलाच दोष दिला, की माल हलका आहे, महागडा आणायला पाहिजे होता. तिसऱ्यांदा 2023 च्या डिसेंबरमध्ये केला तो टिकला, दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे त्याने आरामात काढले, आणि कलर पहिल्या वेळी होता तोच, तीच कंपनी, तोच शेड. बदललं ते फक्त कलर लावायच्या आधीचं काम. ते काम कोणी नीट सांगत नाही, सगळे कलर कसा लावायचा तेच सांगतात, म्हणून मी सविस्तर लिहून राहिली आहे.

कारण सापडलं ते असं. बाबा, म्हणजे माझे सासरे, रोज सकाळी आंघोळ झाली की डोक्याला खोबरेल तेल लावतात आणि पेपर घेऊन सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसतात, सोफा आणला तेव्हापासून तीच त्यांची जागा. कलर निघायचा तो तिथलाच. दुसऱ्यांदा निघाला तेव्हा मी नखाने एक मोठा पापुद्रा अलगद सोलला, दोन बोटांएवढा असेल, आणि तो तसाच टीपॉयवरच्या पेपरवर ठेवून कामाला लागली. दुपारी उचलला तर खालचा पेपर आरपार दिसायला लागला होता, गरम भजी ठेवल्यावर होतो ना, अगदी तसा. पापुद्र्याची आतली बाजू पिवळट आणि तुळतुळीत. कलर लेदरवर बसलाच नव्हता, तो तेलावर बसला होता.

आता हे समजून घ्या कारण सगळं इथेच आहे. कातडं म्हणजे बारीक तंतूंचं जाळं, स्पंजसारखं. त्याच्यावर कारखान्यात रंगाचा आणि रेझिनचा, म्हणजे रंगाला धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, एक पातळ थर देतात आणि त्यावर संरक्षणाचा टॉप कोट. हा थर किती पातळ असतो ते पहा, युरोपात तर नियम आहे की वरचा थर 0.15 मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर त्या मालाला नुसतं लेदर म्हणून विकता येत नाही. एवढ्याशा थरावर रोज केसाचं तेल आणि घाम लागला की तो हळूहळू नरम पडतो, त्याला बारीक चिरा जातात, आणि त्या चिरांतून तेल खालच्या स्पंजमध्ये उतरतं. वर्षानुवर्षं साठतं. आपण वरून ओल्या कपड्याने पुसतो आणि समजतो की साफ झालं. आपण घरी लावतो तो कलर पाण्यावरचा असतो, तेलकट तव्यावर पाणी टाका आणि पहा कसं पळतं, कलरचं तेच होतं, फक्त तो लगेच न पळता चार महिने घेतो. उन्हाळ्यात सोफा तापला की आतलं तेल वर येतं आणि कलरला खालून ढकलतं.

आणि एक गोष्ट जी मला दोनदा नडली. सगळीकडे लिहिलेलं असतं की पहिले सोफ्याच्या लपलेल्या जागी थोडा कलर लावून टेस्ट करा. मी केली होती. मागच्या बाजूला खाली, भिंतीकडे. मस्त बसला, नखाने खरवडूनही निघाला नाही. बसणारच होता, तिथे कोणी डोकं टेकवलंय? तिथे तेल कुठून येणार? लपलेल्या जागी शेड कसा दिसतो एवढंच कळतं. कलर टिकेल का ते पाहायचं असेल तर टेस्ट त्याच जागी करा जिथून निघून राहिला आहे, दोन इंचाच्या चौकोनात. दिसली तर दिसली, नाही तरी वरून कलर होणारच आहे.

पण हे सगळं करायच्या आधी एक खात्री करून घ्या, की तुमचा सोफा लेदरचाच आहे. दुकानदार काय म्हणाला होता ते विसरा. गादीच्या कव्हरची चेन उघडा किंवा सोफा उलटा करून खालचं काळं कापड स्टेपलमधून थोडं मोकळं करा आणि मालाची उलटी बाजू पहा. कच्च्या चामड्यासारखी केसाळ, तंतूंची दिसली तर लेदर. विणलेलं किंवा होजियरीसारखं कापड दिसलं तर रेक्झिन किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचं नकली लेदर. अजून एक प्रकार असतो, चामड्याचा चुरा गोंदात लगदा करून त्याच्यावर प्लास्टिकचा थर दिलेला, त्याला बाँडेड लेदर म्हणतात, नावात लेदर आहे म्हणून लोक फसतात.

पीयू किंवा बाँडेडचे पापुद्रे निघत असतील तर त्याला कलर करू नका, मी हात जोडून सांगते. तिथे कलर निघत नाहीये, माल स्वतःच मरून राहिला आहे. पॉलियुरेथेन दमट हवेत आणि उष्णतेत पाण्याच्या अंशाने तुटत जातं, आणि आपल्याकडे उन्हाळाभर कूलर आणि मग चार महिने पाऊस, म्हणजे त्याला दोन्ही भेटतं. सुटत चाललेल्या थरावर कितीही भारी कलर लावा, तो त्या थरासकट निघेल. तिथे गादीचं कव्हर नवीन शिवून घेणं हाच उपाय. आमच्या शेजारच्या काकूंनी असाच पीयूचा सोफा तीनदा कलर केला, दर वेळी दोन-दोन दिवस खपून, मला फार वाईट वाटलं कारण त्यांच्या मेहनतीत काहीच कमी नव्हती.

आणखी एक लफडं असं की एकाच सोफ्यात दोन्ही माल असू शकतात. बसायची, टेकायची जागा आणि हातांचा वरचा भाग लेदरचा, आणि बाजू, मागचा भाग रेक्झिनचा, इतका जुळवलेला की डोळ्याला कळत नाही. तुमचा कलर बाजूने निघत असेल आणि बसायच्या जागी टिकत असेल तर नव्याण्णव टक्के हेच कारण. रेक्झिन म्हणजे व्हिनाइल, एक प्लास्टिकच, त्याला व्हिनाइलवर चालणारा वेगळा कलर लागतो, लेदरचा नाही.

लेदर नक्की झालं की पाण्याचा एक थेंब. कलर न निघालेल्या जागी थेंब टाका आणि मिनिटभर पहा. थेंब तसाच मोत्यासारखा राहिला तर वर कोटिंग आहे, म्हणजे घरी कलर करता येईल. लगेच आत शिरला आणि काळा डाग पडला तर ते कोटिंग नसलेलं ॲनिलिन लेदर, किंवा वरून मखमलीसारखं असेल तर नुबक. त्यांना पिगमेंट, म्हणजे वरून झाकणारा रंग, लावला की त्यांची सगळी मजा जाते, मी तरी त्याला घरी हात लावणार नाही.

आता कलरच्या आधीचं काम. मला तीन-चार दिवस लागले आणि त्यातला बहुतेक वेळ फक्त त्या डाव्या कोपऱ्यावर गेला.

सुटलेला कलर पूर्ण काढायचा. अर्धवट चिकटलेला ठेवून वरून लावायचा मोह होतो, ठेवू नका. बोथट सुरी किंवा जुनं एटीएम कार्ड घेऊन, जेवढा सहज निघेल तेवढा. मग हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर भेटतो, काळा, 600 नंबरचा, तो ओला करून हलक्या हाताने फिरवायचा, कडा मिळून येईपर्यंत. दाबायचं नाही. लेदरचा दाणा, म्हणजे वरची बारीक खरखर, गेला तर तो वापस येत नाही.

मग धुणं नाही, पुसणं. इथे बरेच जण कपड्याचा साबण, भांड्याचा साबण किंवा खायचा सोडा वापरतात कारण तेल निघतं. तेल निघतं हे खरं, पण लेदर जातीनेच थोडं आम्लधर्मी असतं आणि साबण, सोडा त्याच्या उलटे, वारंवार वापरले की लेदर कडक पडतं आणि वरचा थरही ढिला होतो. लेदर क्लीनर आणा, त्याचा फेस करा, आणि नुसता फेस मऊ ब्रशने फिरवून ओल्या कपड्याने उचलून घ्या. पूर्ण वाळू द्या.

त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल रिपेअरवाले बोर्ड साफ करायला वापरतात ते, सीताबर्डीला इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या दुकानात किंवा ऑनलाइन सहज भेटतं. पांढऱ्या सुती कपड्यावर घ्यायचं, थेट सोफ्यावर ओतायचं नाही, आणि एका दिशेने पुसायचं. कपडा पहात राहा. पहिल्यांदा तपकिरी येईल, तो जुना कलर. मग पिवळट येईल, ते तेल. कपड्याची बाजू बदलत राहायची, नाही तर तेच तेल इकडून तिकडे फिरवणं होतं. खिडक्या उघड्या, हातात ग्लोव्हज, आणि घरात देवापुढे दिवा लागलेला असेल तर तो शांत होईपर्यंत थांबा. हे पेट्रोलसारखं भडकतं, मी उगाच घाबरवून नाही राहिली.

याने वरचं तेल निघालं. आतलं बाकी आहे, आणि माझी दोन्ही वेळची चूक इथेच होती, की मी वरचं काढून थांबली. आतल्या तेलासाठी हेअर ड्रायर घ्या, कमीवर, वीतभर लांबून, जागा हाताला कोमट लागेल एवढीच तापवा. मग त्याच्यावर कॉर्नफ्लोअरचा चांगला जाड थर पसरा. उभ्या भागावर टिकत नाही, म्हणून मी सोफाच पाठीवर आडवा पाडला, दोघांनी मिळून. रात्रभर ठेवा. सकाळी कोरड्या ब्रशने झाडा. माझं पहिल्या रात्रीचं पीठ गोळे होऊन पिवळं पडलं होतं आणि त्याला खोबऱ्याचा खवट वास येत होता, इतक्या वर्षांचं तेल होतं ते, मला तेव्हा पहिल्यांदा खरंच पटलं की चूक कलरची नव्हती. दुसऱ्या रात्री कमी पिवळं. तिसऱ्या रात्री पांढरं जसंच्या तसं राहिलं तेव्हा मी थांबली. लेदरचे खास डिग्रीझर स्प्रे पण भेटतात, मारले की वाळून पांढरी भुकटी होते आणि ती तेल ओढते, काम तेच, लवकर होतं, पैसे जास्त.

आता वापस पाण्याचा थेंब, पण या वेळी उलटा हिशोब. कलर काढलेल्या उघड्या लेदरवर थेंब आत शिरायला पाहिजे. वरच गोल बसून राहिला तर तेल किंवा सिलिकॉन अजून आहे. चार-पाच रात्री करूनही थेंब शिरत नसेल आणि पीठ पिवळंच होत असेल तर तो तुकडा तेलाने पूर्ण भरलेला आहे. तेवढा तुकडा सोफा शिवणाऱ्याकडून बदलून घेणं स्वस्त पडतं, मग सगळ्या सोफ्याला एकसारखा कलर करा.

सिलिकॉनचं वेगळं सांगते कारण ते दिसत नाही. गाडीच्या डॅशबोर्डला चमकवायचा स्प्रे असतो, तो बऱ्याच घरी सोफ्यालाही मारतात, लगेच चमकतो म्हणून. त्यातल्या बहुतेकांत सिलिकॉन असतं. त्याच्यावर कलर लावला की लावता लावताच गोल गोल खड्डे पडतात, कलर मधून बाजूला सरकतो, जणू तिथे कोणी बोट ठेवलंय. असं दिसलं की थांबा, वरून अजून एक हात मारून ते बुजत नाहीत. ओला असतानाच पुसून काढा आणि अल्कोहोलपासून वापस सुरू करा, दर वेळी नवीन कपडा, चार-पाच फेऱ्या तरी.

लोक अजून काय काय लावतात ते पण बोलून घेते. बूट पॉलिश, ते मेण आहे, वरच राहतं आणि सगळं तुमच्या कपड्यांवर येतं, बुटावर आपण बसत नाही म्हणून तिथे चालतं. बुटाचा डाय म्हणजे पातळ रंग, तो कोटिंग असलेल्या सोफ्यात नीट मुरत नाही आणि घाम लागला की सुटतो, सोफ्याला पिगमेंटवाला कलर लागतो जो झाकतो. भिंतीचा किंवा लोखंडाचा रंग तर वाळल्यावर वाकतच नाही, पहिल्यांदा कोणी बसलं की तडकतो. आणि आपल्या विदर्भातला खास सल्ला, जवसाचं तेल लावा, लेदर मऊ राहतं. मला माझ्या आत्याने प्रेमाने सांगितला होता. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होणारं तेल आहे, म्हणून तर क्रिकेटच्या बॅटला लावतात. सोफ्यावर ते काही दिवसांनी चिकट होतं, मग पिवळं कडक, आणि मग ते काढणं खोबरेलपेक्षाही अवघड. जवस चटणीतच राहू द्या.

हवामानाचं. मी पहिल्यांदा मे मध्ये केलं, बाहेर 44-45 आणि खोलीत कूलर फुल. त्याचं काय झालं ते आता कळतं. कूलरच्या झोतात दमट हवा, कलरचा वरचा थर वाऱ्याने सुकल्यासारखा वाटायचा आणि आतून ओलाच, त्यावर मी दुसरा हात मारायची, आणि कूलरच्या वाळ्यातले बारीक तंतू कलरमध्ये चिकटलेले ते वेगळेच. कूलर बंद केला तर स्पंज लावता लावताच सुकून राहिला होता, त्याचे पट्टे पडले. पावसाळ्यात उलटं, हवाच ओली, कलर दिवसभर चिकट राहतो आणि तसाच त्यावर टॉप कोट मारला की तो चिकटपणा आत बंद होऊन जातो. कारागिराच्या वेळी हे झालं असावं असं मला वाटतं, तो बिचारा एका दिवसात आटपून गेला. नागपुरात यासाठी नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हाच टाइम. हवा कोरडी असते, कूलर माळ्यावर गेलेले असतात, दुपारी 11 ते 4 मध्ये खोली छान उबदार असते. डिसेंबरच्या सकाळी मात्र करू नका, थंडीत कलर नीट जमून बसत नाही. आणि खिडकीतून थेट ऊन सोफ्यावर पडू देऊ नका.

कलर लावणं मग सोपं आहे, खरंच. पहिला हात पाणी मिसळलेला, अगदी विरळ, जुना शेड आरपार दिसला पाहिजे इतका. कलरच्या पॅकमध्ये प्रायमर किंवा बाइंडर, म्हणजे कलरला पकड देणारा खालचा थर, आला असेल तर उघड्या पडलेल्या जागी तो आधी. चिरा असतील तर लेदरचा मऊ फिलर, पातळ पातळ थरांत, प्रत्येक थर वाळला की वॉटर पेपर. स्पंज जवळजवळ कोरडा ठेवायचा, थोपटून आणि गोल फिरवून. दोन हातांच्या मध्ये किमान दोन तास, मी तर चार ठेवले. आमच्या तीन सीटरला पाच हात लागले, साधारण पाऊण लिटर. जाड दोन हातांपेक्षा पातळ पाच हात नेहमी चांगले, जाड थर बसायच्या जागी पहिल्याच महिन्यात मोडतो. बसायची जागा रंगवताना गादी हाताने ताणून घ्या, नाही तर सुरकुतीच्या आत जुना रंग राहतो आणि कोणी बसलं की त्याच्या रेघा दिसतात.

शेड बदलायचा असेल तर फिक्याकडून गडदकडे जा. आमचा बदामी होता, आम्ही टॅन केला. गडद चॉकलेटीचा क्रीम करायचा म्हणाल तर होतो, पण हात दुप्पट लागतात, लेदरचा दाणा भरून जातो, आणि जिथे जिथे घासेल तिथे खालचा काळपट डोकावतो. घरी लहान मुलं असतील तर मी नाहीच म्हणेन.

टॉप कोट सोडू नका. कपड्यांना रंग लागायच्या बऱ्याच तक्रारी इथल्याच असतात. टॉप कोटसोबत हार्डनरची छोटी बाटली येते, लोक ती टाकतच नाहीत कारण थेंबभर दिसते. तीच टॉप कोटला घट्ट विणते, तेल आणि घाम झेलायची ताकद तिच्यामुळे येते, आणि डोकं टेकवायच्या जागेला तर तिच्याशिवाय इलाजच नाही. प्रमाण डब्यावर लिहिलेलं असेल तेवढंच, अंदाजाने नाही. मिसळलेलं फार वेळ टिकत नाही, म्हणून एका वेळी लागेल तेवढंच मिसळा, उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरू नका. ग्लोव्हज घाला, ते हाताच्या त्वचेला चांगलं नाही. आणि हार्डनरवालं काही घरात स्प्रे करू नका, स्पंजने लावा, स्प्रेचा धुरळा छातीत जातो आणि साध्या कापडी मास्कने अडत नाही.

पॅकवर लिहिलेलं असतं की 24 तासांनी वापरा. हाताला सुकतो तो 24 तासांत, पूर्ण पिकायला हार्डनर असूनही आठवडा-दोन आठवडे जातात. आम्ही तीन दिवस कोणाला बसू दिलं नाही, आणि बाबांना दहा दिवस दुसऱ्या खुर्चीवर बसवलं. ते दहा दिवस फार गरजेचे, कारण कच्च्या टॉप कोटला पहिल्याच दिवशी तेल लागलं तर सगळं पाण्यात.

दहाव्या दिवशी दोन परीक्षा घ्या. पांढरा सुती रुमाल ओला करून, पिळून, त्या जागी जोर लावून वीस वेळा घासा, रुमाल पांढरा राहिला पाहिजे. मग सेलो टेपचा तुकडा घट्ट दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा, टेपवर कलरचा कण येता कामा नये. माझ्या टेपवर एका कडेला मुंगीएवढा ठिपका आला होता, नेमका त्या डाव्या कोपऱ्यात, शिवणीला लागून, जिथे पीठ पोचलं नव्हतं. तेवढंच दोन इंच वापस काढलं, कापसाच्या बोळ्याने शिवणीतलं तेल काढलं, पीठ शिवणीत काडीने भरलं, आणि सगळे हात वापस. शिवणी विसरू नका, तेल तिथेच लपून बसतं.

जीन्सचा निळा डाग हा वेगळा विषय, तो कलर निघणं नाही, तो जीन्सचा रंग सोफ्यावर चढणं आहे. ताजा असेल तर लेदर क्लीनरने निघतो, जुना असेल तर कलर करतानाच झाकला जातो.

राहिलं एकच, की बाबांचं तेल तर बंद होणार नाही, आणि मी ते बंद करायला सांगणारही नाही, बहात्तर वर्षांची सवय आहे. माझ्या आजीच्या घरी, नागपूरच्या महाल भागात, खुर्च्यांच्या पाठीवर क्रोशाचे रुमाल असायचे, आम्हाला वाटायचं शोभेसाठी आहेत. नंतर कळलं की इंग्लंडमध्ये पण असे रुमाल होते आणि त्यांचं नावच अँटीमकॅसर, कारण तिकडे एकोणिसाव्या शतकात पुरुष मकॅसर नावाचं तेल केसांना लावायचे आणि खुर्च्या खराब व्हायच्या. म्हणजे हे दुखणं दीडशे-दोनशे वर्षं जुनं आहे आणि उपाय पण तेव्हाचाच. मी जाड सुती टॉवेलचे चार तुकडे शिवले, पातळ क्रोशातून तेल पार होतं म्हणून खाली टॉवेल आणि वर क्रोशा, मागे वाळूची छोटी पिशवी शिवली म्हणजे घसरत नाही. आठवड्याला एक धुवायला जातो, गरम पाण्यात. महिन्यातून एकदा रुमाल उचलून लेदर क्लीनरच्या फेसाने ती जागा पुसून घेते, चिकट लागो न लागो. दर शनिवारी रुमाल बदलायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय, तेलाची बाटली खाली ठेवली की पहिले कपाट उघडून धुतलेला रुमाल काढतात आणि मगच पेपर घेऊन बसतात.